खालच्या कुरणातली ओल

१९ मे, सोमवार

ही वही बायकोने, बर्नीने, दिली. म्हणाली, सत्तावीस वर्षं गिरणीतून घरी यायचास आणि ‘ठीक’ एवढंच बोलायचास. आता गिरणी बंद झाली, निदान लिहून तरी ठेव, म्हणजे तुझ्या पोटात काय आहे ते मला कळेल. ती वाचणार नाही असं कबूल केलंय. बघू.

आज माझं स्वतःचं पहिलं काम ठरलं. कागदाची गिरणी गेल्यावर दोन वर्षं मी पाणथळींच्या हद्दी आखणाऱ्या वॉल्टच्या हाताखाली चिखल तुडवला, परीक्षा दिल्या, गवतांची नावं पाठ केली. मार्चमध्ये वॉल्टच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. त्याने मातीचं गिरमिट, मातीचे रंग ताडायची वही आणि गुलाबी झेंड्यांची अर्धी पेटी माझ्या गाडीत ठेवली आणि म्हणाला, आता तू आणि तुझ्या पाणथळी.

फोन मिलवॉकीहून आला होता. इर्या राउटिओ. वय एकसष्ट, छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती, आता निवृत्त होऊन गावी परत येतेय. तिच्या आईची, लेम्पी राउटिओंची, हेमलॉक रस्त्याच्या टोकाला चाळीस एकर जमीन आहे. खालच्या कुरणात इर्याला स्वतःपुरतं लहानसं घर बांधायचंय. गावची कचेरी म्हणते, पाणथळ नक्की कुठे संपते त्याची रेघ आधी आखून आणा, मग परवान्याचं बोलू.

आईच्या घरात जागा नाही का, असं मी आपलं सहज विचारलं.

“जागा आहे,” ती म्हणाली. “पाच खोल्या आहेत. पण आम्ही दोघी एका छपराखाली तीन दिवस टिकतो. चौथ्या दिवशी कुणीतरी भांडी आपटतं.”

जमीन ओली की कोरडी हे सांगायला खास माणूस लागतो, यावर माझ्या गिरणीतल्या सोबत्यांचा अजून विश्वास बसत नाही. बूट घालून चालून बघ की, म्हणतात. खरं सांगायचं तर कधीकधी मलाही तसंच वाटतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या शब्दावर कुणी घर बांधायचं की नाही हे ठरवणार, म्हणजे जरा जास्तच झालं.

२० मे, मंगळवार

लेम्पीमावशी पायरीवर वाट बघत उभ्या होत्या. शहाऐंशी वर्षांची बाई, पाठीत वाकलेली, पण नजर कशी, दाभणासारखी. आधी विचारलं, कुठल्या साल्मेलांचा तू? रेनोचा मुलगा म्हटल्यावर मान हलवली. माझ्या बापाने म्हणे एकदा त्यांची करवत नेली होती आणि धार लावून परत दिली होती. मग मला आत घेतलं. कॉफी, वेलदोड्याचा पाव, आणखी कॉफी. तिसऱ्या कपाला मी नको म्हटलं ते त्यांनी ऐकलंच नाही.

मी नकाशा उघडायच्या आतच त्यांनी विचारलं, “मग, सगळं ओलंच आहे ना ते खाली?”

मी म्हटलं, मावशी, बघितल्याशिवाय कसं सांगू.

मग त्यांनी मला त्या कुरणाचा सगळा इतिहास सांगितला. एकसष्ट साली गाय पोटापर्यंत रुतली, चार माणसांनी फळ्या घालून काढली. नवऱ्याने, उर्होने, सात वर्षं चर खणला आणि सात वर्षं ओढ्याने तो बुजवला. ट्रॅक्टर दोनदा अडकला. एका वसंतात तर कुरणात माशाने अंडी घातली. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं. बिचारी बाई मनाची तयारी करतेय. मुलगी इतक्या वर्षांनी जवळ राहायला येतेय आणि घर बांधायला हातभर कोरडी जमीन निघेल की नाही याची धास्ती. मी म्हटलं, काळजी करू नका, इतकं काही वाईट नसेल, ओलं निघालं तरच घर व्हायचं नाही. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि आणखी एक पावाचा तुकडा माझ्या ताटलीत टाकला.

२२ मे, गुरुवार

ओढ्याच्या काठापासून सुरुवात केली. वॉल्ट म्हणायचा, तीन साक्षीदार तपासायचे. झाडं काय सांगतात, माती काय सांगते, पाणी कुठवर येतं. तिघं एक बोलले की तिथे पाणथळ. खाली आल्डरची झुडपं, त्यांच्यामध्ये लव्हाळा, दलदलीतली पिवळी फुलं बहरलेली. मावशी त्यांना रेंतुक्का म्हणतात. गिरमिट घातलं की वर येते ती काळी, मग राखाडी माती आणि राखाडीत गंजासारखे नारिंगी ठिपके. खड्ड्यात पाणी कसं गुपचूप चढतं. ते बघायला मला आवडतं. गिरणीत इतकं शांत काहीच नव्हतं.

मावशी जुनी स्कीची काठी टेकत माझ्यामागून आल्या. एक बादली आणली होती, ती उपडी घालून तिच्यावर बसल्या. डास घोंघावत होते, त्यांचं त्यांना काही नाही. प्रत्येक खड्ड्याशी विचारायच्या, “ओलं?” मी हो म्हटलं की मान हलवायच्या. कसं सोसत असतील, देव जाणे.

दुपारी त्यांनी एक काम सांगितलं. दुकानातून नवी गादी आली होती, ती वरच्या मजल्यावर चढवायची. इर्याची लहानपणीची खोली. भिंतींना नुकता पिवळा रंग दिलेला, खिडकीला नवे पडदे. घर बांधून होईपर्यंत मुलीची सोय म्हणून बाईंनी किती खटपट केलीय. गादी मात्र भलतीच जाड, चार महिन्यांसाठी इतकी महागाची कशाला घेतली असेल?

२७ मे, मंगळवार

आज आनंदाचा दिवस. कुरणाच्या वायव्येला जो उंचवटा आहे तो कोरडा आहे. चांगली पाव एकराहून जास्त जागा. तपकिरी, मोकळी माती, वीस इंच खाली गेलो तरी ओलीचा ठिपका नाही. वर साधं चाऱ्याचं गवत आणि डँडेलियन. मी पाणथळीच्या कडेची शेवटची, एकतिसावी झेंडी रोवली आणि बादलीवर बसलेल्या मावशींकडे जवळजवळ धावत गेलो. मावशी, घर होईल.

त्यांचं तोंड एकदम लहान झालं. मग म्हणाल्या, “आणखी खोल घालून बघ.”

मी घातलं. कोरडं. आणखी दोन ठिकाणी घातलं. कोरडं. त्यांचा विश्वासच बसेना. इतकी वर्षं वाईटच अपेक्षा केली की माणसाला चांगली बातमी पचत नाही. घरी येऊन बर्नीला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, “तोंड लहान झालं म्हणतोस?” मी म्हटलं, हो, भरून आलं असेल. तिने नुसतं ‘हं’ केलं.

२९ मे, गुरुवार

आज माझी झोप उडावी असं झालं. जीपीएसने सगळ्या झेंड्यांच्या जागा नोंदवायला गेलो तर चौदा ते वीस या सात झेंड्या उंचवट्यावर. माझ्या खड्ड्यांपासून चाळीस फूट वर. आधी वाटलं, मीच चुकलो. पहिलंच स्वतंत्र काम आणि रेघच चुकीची.  पुन्हा खड्डे खणले, पुन्हा माती वहीतल्या रंगांशी ताडून बघितली. मी चुकलो नव्हतो. झेंड्याच चालत गेल्या होत्या.

हरणं खेचतात झेंड्या, हे मी वॉल्टकडून ऐकलंय. पण हरणं त्या सरळ ओळीत परत रोवत नाहीत. आणि रानसफरचंदाच्या फांदीला जी फीत मी गाठ मारून बांधली होती, ती तिथून सोडून दुसऱ्या झाडाला छान फुलासारखी बांधलेली. मावशींना विचारलं, इथे कुणी येऊन गेलं का? त्या म्हणाल्या, नाही बाबा, इकडे कोण येतंय. मग जरा थांबून म्हणाल्या, “पाणी सरकतं असं तूच म्हणालास ना?”

सगळ्या परत जागेवर लावल्या.

जेवताना बर्नीला हे सांगितलं तर ती हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसली. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे, माझी नोकरी आहे ती. ती डोळे पुसत म्हणाली, “काही नाही रे. तुला सूप वाढू का आणखी?”

३ जून, मंगळवार

पुन्हा. या खेपेला अकरा झेंड्या. आणि उंचवट्यावर चक्क रेंतुक्का उगवलेली, नऊ रोपं. परवापर्यंत एकही नव्हतं. पानं माना टाकून पडलेली, बुंध्याशी माती ताजी उकरलेली, भोवती पाणी घातल्याच्या खुणा.

मला वाटतं हे मावशींचं काम. मुलीच्या घराच्या जागी फुलं असावीत म्हणून लावली असतील.  पण पाणथळीचं झाड कोरड्यावर आणून लावलं म्हणजे जमीन पाणथळ होत नाही, हे त्यांना कुणी सांगायचं. रोपं जगायची नाहीत. मी एक बादली पाणी घातलं.

४ जून, बुधवार

आज मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सरकवलेल्या प्रत्येक झेंडीशेजारी जमिनीत एक बारीक भोक आणि भोवती गोल कडं उमटलेलं. स्कीच्या काठीचं. म्हणजे झेंड्याही मावशींनीच हलवल्या. ज्या जागेवर त्यांच्या मुलीचं घर व्हायचं, तीच जागा त्यांनी ओल्यात ढकलली. शुद्धीवरचा माणूस असं करणार नाही. शहाऐंशी वय, एकट्या राहतात. चुलीवर काय ठेवतात, काय विसरतात, कोण बघणार? माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. ती टपालपेटीत अंडी ठेवायची.

गाडीत बसून बराच वेळ विचार केला. मग इर्याला फोन लावला. जपून सांगितलं. तिने मग नर्सच्या आवाजात विचारलं, कधीपासून? आणखी काही लक्षण? मी सांगितलं, रोपं लावतात, विचारलं एक की सांगतात भलतंच. ती म्हणाली, मी शुक्रवारी येते.

बर्नीला सांगितल्यावर तिचं हसू एकदम गेलं. “अरे देवा, आर्विड,” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, मी आधीच बोलायला हवं होतं. काय बोलायला हवं होतं ते मात्र सांगेना. म्हणाली, आता इर्या येतेय ना, येऊ दे.

६ जून, शुक्रवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

मी दुपारी तिथे होतो, कारण इर्याने थांबायला सांगितलं होतं. सहा तास गाडी चालवून ती आली, कोटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात आईसमोर बसली. उंच बाई, आईसारखीच हनुवटी. तिने विचारलं, आई, आज वार कोणता? शंभरातून सात सात वजा कर बघू.

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं.

“शुक्रवार,” मावशी म्हणाल्या. “त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. आणि तुझ्या कोटाचं बटण तुटलंय.”

“मग झेंड्या का सरकवल्यास?”

“कुठल्या झेंड्या?”

“आई.”

मावशींनी टेबलावरचे पावाचे कण गोळा करून एक ढीग केला. मग म्हणाल्या, “या पोराने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, ओलं निघालं तर घर व्हायचं नाही. म्हणून.”

“म्हणून काय?”

“म्हणून ओलं निघायला हवं होतं मला.”

इर्या मागे टेकून बसली. रागावली असं मला वाटलं. पण आवाज आला तो रागाचा नव्हता. “मी इथे नको आहे तुला?”

“तू इथे हवी आहेस,” मावशी म्हणाल्या. त्यांनी अंगठ्याने वरच्या मजल्याकडे दाखवलं आणि मग खिडकीबाहेर, कुरणाकडे. “तिथे नको आहेस.”

 मला उठून जायचं होतं, पण खुर्ची भिंत आणि टेबल यांच्यामध्ये होती आणि वाटेत इर्या.

इर्या म्हणाली, “आपण भांडतो आई.”

“भांडतो की. तुझ्या बापाशी मी एकावन्न वर्षं भांडले. तो नाही गेला कुरणात राहायला.”

“छत्तीस वर्षं मी लोकांच्या घंटेला धावले. कुणी वाजवली की उठायचं. आता मला एक दार हवंय, मला वाटेल तेव्हा लावून घेता येईल असं. तुझ्यावर रागावून नाही. नुसतं दार.”

मावशींनी मग विचारलं, “लावशील ते उघडशील पण ना?”

  मावशींनी उत्तराची वाट न बघता हात पुढे केला, म्हणाल्या, “कोट दे इकडे.” इर्याने कोट काढून दिला, आणि त्या खिडकीशी बसून बटण लावू लागल्या. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला.

मी तेवढ्यात बाहेर पडलो. कॉफी तशीच राहिली.

७ जून, शनिवार

शहाण्या बाईला मी खुळ्यात काढलं, तेही तिच्या मुलीला फोन करून. बर्नी म्हणते, तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, तोंड लहान झालं म्हणालो तेव्हाच. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, “तुला मजा येईल असं वाटलं कळेल तेव्हा. माझीही चूकच झाली.” दोघं मिळून गॅरेज साफ केलं. बोललो फारसं नाही, पण ती शेजारी होती.

९ जून, सोमवार

मावशींची माफी मागितली. त्या लाकडाच्या मोळ्या रचत होत्या. म्हणाल्या, “तू मला खुळी ठरवलंस.” मी म्हटलं, हो. “आणि मी तुझ्या झेंड्या चोरल्या.” मी म्हटलं, हो. “मग फिटलं.” वाटलं, सुटलो. पण त्या जवळ आल्या, माझ्या बाहीला धरलं आणि हळूच म्हणाल्या, आता माझ्यासाठी एवढं कर. चाळीस फूट. कागदावर चाळीस फूट म्हणजे किती, नखाएवढं. कोण बघणार आहे?

इतका अवघड ‘नाही’ मी आजवर कुणाला म्हटलेला नाही. म्हटलं, मावशी, तुमच्याकडे बघून रेघ सरकवली तर पुढच्या माणसाकडे बघूनही सरकवावी लागेल, मग माझ्या रेघेला कोण विचारतो. त्यांनी बाही सोडली. रागावल्या नाहीत. पण पाव मिळाला नाही आज.

दुपारी इर्या कुरणात आली. रस्त्यापासून उंचवट्यापर्यंत तिला सरळ वाट हवीय, तिची तिची, आईच्या अंगणातून नाही. मध्ये वीस फुटांचा सखल पट्टा आहे, तिथे माझ्या झेंड्या. ती म्हणाली, मी इथे लहानपणभर खेळले, मला तर कधी पाणी दिसलं नाही, इथे जरा सैल धरता नाही येणार? मी काही न बोलता गिरमिट घातलं. राखाडी माती, नारिंगी ठिपके. मग दोघं खड्ड्याकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने तळाला पाणी चमकलं आणि चढायला लागलं. इर्या वाकून बघत राहिली. म्हणाली, “इस्पितळात असंच असायचं. बरं दिसणारा माणूस, आणि आत काय चाललंय ते रिपोर्ट सांगायचा.” नाराज होऊन गेली, पण जाताना माझं गिरमिट पुसून दिलं.

आईला रेघ वर हवी, मुलीला खाली. दोघींनाही मी आवडेनासा झालोय.

१२ जून, गुरुवार

आज घरी नकाशा काढला. सगळे बिंदू जोडल्यावर कोरड्या जमिनीचा आकार दिसला तो हुबेहूब पळीसारखा. पळीची वाटी म्हणजे उंचवटा, आणि तिथून एक लांब, अरुंद दांडा निघतो तो थेट मावशींच्या परसात, सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, आणि स्वयंपाकघर यांच्या मधे. दुसरी कोरडी वाट नाही. कुठूनही यायचं म्हटलं तरी पाणथळ तुडवावी लागेल, आणि भराव टाकायला परवाना मिळणं कठीण.

इर्याला हे सांगायचं माझ्या जिवावर आलंय.

१९ जून, गुरुवार

सरकारी खात्याकडून ओकोन्स्कीबाई रेघ तपासायला आल्या. साडेतीन तास प्रत्येक खड्डा बघितला. मी मागून चालत होतो. एकतीसपैकी दोन झेंड्या त्यांनी तीन-तीन फूट हलवल्या, बाकी सगळ्या ठीक. जाताना म्हणाल्या, स्वच्छ काम आहे. हे दोन शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवले. गिरणीत सत्तावीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

मग नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. इर्या आणि मावशी दोन बाजूंना. इर्याने बोट ठेवलं ते उंचवट्यावर, आणि दांड्यावरून हळूहळू मागे आणत आणत घराच्या खुणेशी थांबली.

“म्हणजे मला रोज जाता-येता आईच्या स्वयंपाकघरासमोरून गाडी न्यावी लागणार.”

मी म्हटलं, हो, दुसरा उपाय नाही.

मावशी चष्मा शोधत होत्या. तो त्यांच्या डोक्यावर होता. “किती लांबून?” त्यांनी विचारलं.

“पायरीपासून बारा फूट,” मी म्हटलं.

मावशी सरळ आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला. कॉफी टाकली असावी.

इर्या दाराकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. “हे तुम्ही दोघांनी मिळून केलंत का?”

मी अगदी कळकळीने सांगितलं की असं काही नाही, मी वाटलं तर पुन्हा सगळे खड्डे दाखवतो, दांडा पाण्याने ठेवलाय, मी फक्त लिहून घेतला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला, आणि ती हसायला लागली. बंपरवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काय इतकं हसण्यासारखं होतं ते मला समजलं नाही, पण छातीवरचा दगड उतरला. आज पाव मिळाला. दोन तुकडे, आणि घरी न्यायला अर्धी लादी.

२ ऑगस्ट, शनिवार

पायाभरणी झाली. खणायचं यंत्र दांड्याबाहेर जाऊ नये म्हणून मी दोरी बांधून आलो. इर्या घर होईपर्यंत आईकडेच राहतेय. मावशी सांगत होत्या, बुधवारी भांडी आपटली. कुणी? म्हटलं. “मी,” म्हणाल्या, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. आपटलेलं भांडं इर्याने उचलून ठेवलं आणि दोघी रास्पबेरी खुडायला गेल्या.

मला आणखी तीन कामं मिळाली आहेत. एक तर ओकोन्स्कीबाईंनीच माझं नाव सुचवलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज त्या बाजूला दुसरं काम होतं, म्हणून राउटिओंकडे डोकावलो. हिवाळा दाराशी आलाय, सकाळी गवत पांढरं होतं. भिंती उभ्या आहेत, छप्पर चढलंय, पण खिडक्यांच्या जागी अजून प्लास्टिक फडफडतंय. सुतार गाडीत बसून सँडविच खात होता. म्हणाला, तीन आठवडे झाले, काम नाही. बाईंनी खिडक्या दोनदा परत पाठवल्या. पहिल्यांदा रंग आवडला नाही, दुसऱ्यांदा कड्या. आता तिसऱ्यांदा कुठल्या मागवायच्या ते ठरवतायत, रोज संध्याकाळी आईबरोबर टेबलावर खिडक्यांच्या नमुन्यांची पुस्तकं उघडून बसतात.

मला नवल वाटलं. छत्तीस वर्षं इस्पितळात मिनिटामिनिटाला निर्णय घेतलेली बाई. इर्याला म्हटलं, बर्फ पडायच्या आत उरकायला हवं. मी माझ्या गिरणीतल्या दोन मित्रांना घेऊन येतो, मिळतील त्या खिडक्या आणतो, शनिवार-रविवारात बसवून देतो. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, तुम्ही तुमच्या घरात असाल.

“नको,” इर्या म्हणाली.

“नको,” मावशी चुलीपाशी म्हणाल्या, त्याच क्षणी.

मला जरा लागलंच. चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण या दोघींचं कशावर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळे पुढे बोललो नाही. इर्या म्हणाली, घाईत बसवलेल्या खिडक्यांतून वारा येतो, वसंतात बघू. मावशी म्हणाल्या, वसंतातही लाकूड ओलं असतं, उन्हाळ्याकडे बघू. मग दोघींनी मिळून माझ्या गाडीत बटाट्याचं पोतं टाकलं. कुणी कुठली बाजू धरायची यावरून वाद घालत, पण टाकलं.